दोन पायऱ्या खाली

दुरुस्तीवाल्या शिंदेंनी माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बोटांत धरून उलटा केला. खाली करपल्याचा काळा डाग होता. "हा मेला नाही साहेब, तुम्ही मारलात."

वेग वाढवायला मी त्याला जादा व्होल्टेज देत गेलो होतो. पंखा किंचाळायचा, तरी तो चालायचा. चालतोय म्हणजे सोसतोय, असं समजून मी त्याला आणखी दामटायचो.

शिंदेंनी नवा बसवला, वेग बेतानंच वाढवला. "झेपेल त्याच्या दोन पायऱ्या खाली ठेवलाय. रोज जगायचंय त्याला."

घरी मुलगी गणितं सोडवत होती. गणित चुकलं की माझा हात उठतो. ती कधी रडली नाही. आज मी नुसता मागे जाऊन उभा राहिलो, आणि तिची मान खांद्यांत गेली.