मागे जायचं बटण

लिफ्टवाले काका एखाद्या इमारतीत शिरले की लोकांच्या जिवात जीव यायचा. वय साठीला टेकलेलं, अंग किडकिडीत, पण बोटं अशी जाड की शर्टाची गुंडी लावताना स्वतःवरच वैतागायचे. शहरातल्या कितीतरी जुन्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. कुठे लिफ्ट अडकली असा फोन आला की समोरचं ताट सारून ते उठायचे. "आत कोणीतरी घाबरून उभं असेल," एवढंच म्हणायचे. त्यावर घरात कोण काय बोलणार?

आणि घरात बोलायला होत्या एकट्या काकू. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली. काकूंनी जन्मभर पडदे शिवले. जाड कापड, वजनदार कात्री, आणि ती चालवणारा उजवा अंगठा. शेवटी दोन्ही अंगठ्यांच्या सांध्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आता शिवण बंद. शिलाई मशीनवर चादर पडली आणि काकूंचा दिवस एकदम लांबच लांब झाला.

त्यांना एकच नाद होता, प्राण्यांचे माहितीपट. हत्ती असो की मुंगी, काकू तोंडाचा आ करून बघायच्या. "बघा हो, कसं पिल्लाला पाठीवर घेतलंय!" असं स्वयंपाकघरातल्या काकांना ओरडून सांगायच्या. काका "हं" म्हणायचे.

एका बंद पडलेल्या ऑफिसातून काकांना एक जुना कॉम्प्युटर मिळाला. सुट्टीला आलेल्या मुलीने तो टीव्हीला जोडला, त्यात सिनेमे दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं आणि आईसाठी ढीगभर माहितीपट भरून ठेवले. पडद्यावर प्रत्येकाचं छोटं चित्र दिसायचं, हवं ते निवडायचं. काका इतके खूश झाले की त्यांनी केबल बंदच करून टाकली. "आता हवं ते, हवं तेव्हा," असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटले.

गोम एकच होती. हे सगळं माउसवर चालायचं, आणि काकूंच्या हाताला माउस धरवत नव्हता. बाण पडद्यावरून सैरावैरा पळायचा. दोनदा टिचकी मारायला जावं तर एकच लागायची, तीही भलत्याच चित्रावर.

मुलगी जाताना म्हणाली, "बाबा, एक छोटा रिसीव्हर मिळतो, तो कॉम्प्युटरला लावायचा. मग आपला जुना टीव्हीचा रिमोटसुद्धा चालतो. अर्ध्या तासाचं काम आहे, मी फोनवर सांगते."

"या रविवारी करतो," काका म्हणाले. त्यांनी रिसीव्हर आणलाही. पण रविवारी नेमकी एका दवाखान्याची लिफ्ट बिघडली. पुढच्या रविवारी आणखी कुठली. मग एका रविवारी काहीच बिघडलं नाही, तेव्हा काका दुपारभर झोपले. रिसीव्हरचं पाकीट खणात पडून राहिलं. काकूंनी सुरुवातीला आठवण करून दिली, मग आडून सुचवलं, मग विषयच सोडून दिला. काकांना वाटलं, बरं झालं, निभतंय तिचं.

कारण त्यांनी एक तोडगा काढला होता. सकाळी निघताना ते एक माहितीपट लावून द्यायचे. "लावून ठेवलंय गं," असं दारातून ओरडलं की त्यांचं कर्तव्य संपलं. मधेच दूधवाल्याने बेल वाजवली, कुकर झाला, डुलकी लागली, तर थांबवणार कोण? गेलेलं गेलं. तास-दीड तासाने पडदा काळा व्हायचा तो संध्याकाळपर्यंत काळाच. हे काकांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

मग एके दिवशी एका इमारतीत लिफ्टचा सुटा भाग आला नाही म्हणून काका भर दुपारी घरी परतले. दाराला कुलूप. काकू या वेळी कुठे जातील? फोन लावला तर तो आतच वाजताना ऐकू आला. काका घाबरले. कुठे पडली तर नसेल? जिना उतरू लागले, तोच खालच्या मजल्यावरून काकूंचं हसणं ऐकू आलं. कितीतरी दिवसांत न ऐकलेलं, मोकळं हसणं.

खाली राहायच्या त्या निवृत्त नर्स. सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. दार उघडंच होतं. आत टीव्हीवर एक अस्वल नदीत मासे पकडत होतं. सिस्टर आरामखुर्चीत, आणि काकू दिवाणावर, मांडीवर एक भलामोठा निळा पडदा. त्या त्याला दुमड घालत होत्या, हाताने. सुई अंगठ्यात धरवत नव्हती म्हणून दोन बोटांच्या बेचक्यात धरली होती. प्रत्येक टाक्याला चेहरा किंचित आवळला जायचा आणि नजर पुन्हा अस्वलाकडे जायची. रिमोट शेजारी उशीवर होता. मधेच त्यांनी बोटाच्या पेराने त्याचं एक बटण दाबलं.

"या की भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "आज लवकर?"

काकूंनी दचकून पडदा बाजूला सारला, चोरी पकडली गेल्यासारखं.

"तू इथे?" काका म्हणाले.

"अहो, रोजच असतात," सिस्टरच सांगून मोकळ्या झाल्या. "जेवण झालं की येतात. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

काकू खाली बघत म्हणाल्या, "घरी काय, सकाळचं संपलं की संपलं."

"आणि हे शिवण? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"मी नकोच म्हणते," सिस्टर म्हणाल्या. "पण ऐकतील तर ना. माझ्या घरातले सगळे पडदे झाले, आता माझ्या बहिणीचे मागवून घेतलेत."

"फुकट कसं येऊन बसायचं रोज दुसऱ्याच्या घरी?" काकू हळूच म्हणाल्या. "बरं दिसतं का ते?"

दोघं वर निघाले. जिना चढताना काकू पुढे होत्या, कठड्याला तळवा टेकत, अंगठा वेगळा ठेवून. काका मागून ते बघत राहिले. आपण रोज परक्या माणसांसाठी धावत जातो, आणि ही दुखऱ्या हातांनी शेजारणीचे पडदे शिवते, का, तर एक बटण दाबायला मिळावं म्हणून. घरी येऊन त्यांनी चहा ठेवला. तो उतू गेला.

संध्याकाळी काकू देवळाकडे फिरायला गेल्यावर त्यांनी मुलीला फोन केला. "तुला माहीत होतं का गं?"

"सिस्टरांकडे जाते ते माहीत होतं. शिवणाचं नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तीच नको म्हणाली. म्हणाली, बाबा दमून येतात, त्यांच्या मागे आणखी भुणभुण नको." मग मुलगी म्हणाली, "बाबा, मी तरी सहा वेळा विचारलं असेल तुम्हाला रिमोटचं. तुम्ही दर वेळी हो म्हणालात."

खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. साहेबांना वाटलं कोणी आजारी आहे. "तसंच समजा," काका म्हणाले. खणातलं पाकीट काढलं. बोटभर लांबीचा रिसीव्हर, त्याला काळी चकचकीत काच. तो कॉम्प्युटरला लावला, जुन्या रिमोटमध्ये नवे सेल घातले, फोन कानाशी धरला, आणि मुलगी सांगेल तसं करत गेले. सॉफ्टवेअरला एकेक बटण शिकवावं लागायचं. रिमोटवरचं बटण दाबलं की पडद्यावर एक आकडा उमटायचा, मग त्या आकड्यासमोर लिहायचं, हे वर, हे खाली, हे सुरू, हे थांब. काकांना ते ओळखीचं वाटलं. शेवटी लिफ्टलाही असंच सांगावं लागतं, हे बटण म्हणजे तिसरा मजला.

पहिल्या खेपेला सगळं दुप्पट होऊ लागलं. एकदा खाली दाबलं की मधलं एक चित्र सोडून पुढच्यावर उडी. मुलगी म्हणाली, "एकच बटण कॉम्प्युटर पण ऐकतोय आणि सॉफ्टवेअर पण. एकाला गप्प करा." ते शोधण्यात सकाळ गेली. मग कॉम्प्युटर काही वेळाने आपोआप झोपी जायचा आणि रिमोटने उठायचा नाही. ती झोपही बंद केली. दुपारपर्यंत रिमोटवरचं एकूण एक बटण काही ना काही करू लागलं. अक्षरं दाखव, चित्र मोठं कर, हवामान सांग. काकांचा ऊर भरून आला. अर्ध्या तासाचं काम त्यांनी अर्ध्या दिवसात केलं होतं, पण केलं होतं.

"ये गं, बस," त्यांनी काकूंना खुर्चीत बसवलं आणि रिमोट हातात दिला. "घे. राणीसारखं बघ आता."

काकूंनी रिमोट धरला. अंगठ्याने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"जोरात दाब ना," काका म्हणाले.

त्यांनी दाबलं. चेहरा आवळला गेला.

"अगं, नीट दाब! इतकं सोपं आहे, लहान मूलसुद्धा..." काका बोलून गेले आणि तिथेच थांबले.

काकूंनी रिमोट मांडीवर ठेवला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. "राहू दे," म्हणाल्या, "छान झालंय," आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

काका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. सकाळपासून मनाशी धरलेलं समाधान क्षणात उतरलं. सगळी बटणं त्यांनी स्वतःच्या राकट अंगठ्याने तपासली होती. त्या रबराच्या बारक्या बटणांना किती जोर लागतो, हे मनातही आलं नव्हतं. आणि काल सिस्टरांकडे तर डोळ्यांसमोर दिसलं होतं की ती पेराने बटण दाबते. पाहूनही त्यांनी पाहिलं नव्हतं.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. काकू उगाचच धुतलेली भांडी पुन्हा पुसत होत्या.

"माझं चुकलं," काका म्हणाले. "आताचं नाही नुसतं. हे मी कधीच करायला हवं होतं."

तोंडदेखलं का होईना, ती "जाऊ द्या हो" म्हणेल, अशी त्यांना आशा होती. संसारात दर वेळी तसंच झालं होतं.

"हो," काकू म्हणाल्या. "करायला हवं होतं."

भांडी पुसून झाली. मग काकांनी जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुला काय काय हवंय त्यात? तू सांग, तेवढंच ठेवतो."

काकूंनी जरा विचार केला. "सुरू आणि थांब. आवाज. आणि मागे जायचं बटण."

"म्हणजे?"

"मधेच कोणी आलं, नाहीतर डोळा लागला, तर तेवढं निसटतं. थोडं मागे जाऊन पुन्हा बघता आलं पाहिजे. सिस्टरांकडे तसं नाही, तिथे चॅनल लागतात."

एवढी बटणं जोडली, पण हे त्यांनी जोडलंच नव्हतं. त्यांना स्वतःला कधी लागलं नव्हतं ना. काकांनी मुलीला पुन्हा फोन लावला नाही. दिवाणखान्यात जाऊन त्यांनी काकूंनी सांगितलेलं आणि चित्र निवडायचं वर-खाली तेवढं ठेवून सकाळी शिकवलेलं बाकी सगळं पुसून टाकलं. रिमोटच्या मधलं सगळ्यात मोठं, मऊ बटण मागे जाण्यासाठी ठेवलं. काकू शेजारी बसून सांगत होत्या, "एवढं मागे नको, वाक्यभर जाऊ दे." रिमोट हातात धरायचाच नाही, खुर्चीच्या रुंद हातावर ठेवायचा आणि पेराने दाबायचा, हेही त्यांनीच ठरवलं. तो घसरत होता. काकांनी पेटीतून रबराची पट्टी काढून त्याच्या पोटाला चिकटवली. नको असलेल्या बटणांवर चिकटपट्टी लावली, चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून.

मग काकूंनी स्वतः एक चित्र निवडलं. पेंग्विनांचं होतं. काका शेजारी स्टुलावर बसले. पहिल्यांदाच त्यांनी अख्खा माहितीपट बघितला, आणि काकू "बघा हो" म्हणाल्या तेव्हा खरंच बघितलं.

गोष्ट इथे संपली असती तर काकांना बरं वाटलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात ते मुद्दाम दुपारी घरी आले, तर दाराला कुलूप. ते खाली गेले. काकू सिस्टरांकडेच होत्या. मांडीवर पडदा नव्हता, एवढाच फरक.

"रिमोट बिघडला का?" काकांनी काळजीने विचारलं.

"नाही हो, मस्त चालतो. सकाळी बघितलं की."

"मग?"

"मग काय? एकटीने किती बघणार?" काकू सहज म्हणाल्या.

टोचून बोलल्या नव्हत्या, तरी काकांना ते लागलं. रिमोट जोडला म्हणजे भरपाई झाली, असं ते धरून चालले होते. सिस्टरांनी खुर्ची पुढे केली. काका नेहमीसारखे "काम आहे" म्हणणार होते. खिशात फोन होता, तो वाजलाही नव्हता. ते बसले.

त्यानंतर काकांनी रविवारचे फोन घेणं सोडलं. साहेब कुरकुरले. "दुसरा माणूस ठेवा रविवारचा," काकांनी सांगितलं, "मी यायचा नाही." साहेबांनी ठेवला, आणि लिफ्ट दुरुस्त होत राहिल्या. हेही काकांच्या मनाला लागलं, की इतकी वर्षं ते काम आपल्यावाचून अडत नव्हतं.

आता रविवारी दुपारी सिस्टर वर येतात. चहा काका करतात, साखर नेहमी जास्त पडते. काकू खुर्चीत, सिस्टर दिवाणावर, काका स्टुलावर. अजूनही सकाळी कामावर निघताना त्यांचा पाय दारात अडखळतो. "काही लागलं तर फोन कर हं," ते म्हणतात, आणि मग पुन्हा एकदा म्हणतात.

"निघा आता," काकू आतून म्हणतात, "उशीर होतोय तुम्हाला."