व्हिटियर साहेबांच्या आडनावाचा अर्थ

साहेबांचं वाक्य मी बदललं. नजरचुकीनं नाही, जाणूनबुजून.

इंग्रजी अमदानीत मी बेळगावच्या एका कचेरीत दुभाषी होतो. दुभाष्याचं काम एवढंच: समोरचा बोलेल ते दुसऱ्या भाषेत सांगायचं. पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही.

व्हिटियर साहेब निपाणीकडच्या एका गावात शाळेच्या इन्स्पेक्शनला आले, तेव्हा मी सोबत होतो. वर्ग आत भरला होता. एक मुलगा मात्र बाहेर व्हरांड्यात पाटी घेऊन बसला होता. त्याचा बाप रामाप्पा गावाबाहेर कातडी कमावायचा. तो पुढं आला.

"सायेब, पोराला आत बसू द्या. पावसात लई भिजतंय."

हेडमास्तर म्हणाले, "याला आत घेतलं तर बाकीची पोरं उद्या येणार नाहीत."

दोघांचं बोलणं मी इंग्रजीत सांगितलं. तिथवर नीट होतं.

साहेब हसले. "यांना माझ्या आडनावाची गोष्ट सांगा. आमच्याकडे पूर्वी धंद्यावरूनही आडनावं पडत. व्हिटियर म्हणजे तुरटी-मीठ लावून पांढरं कातडं कमावणारा. माझे पूर्वज तेच करत. मी शाळेत आतच बसलो. हा मुलगाही उद्यापासून आत बसेल."

गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "साहेबांचे पूर्वजही कष्टाळू होते. तुझ्या म्हणण्याचा विचार होईल."

साहेबांचा मान राखला, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं. अशा फिरतीहून परतलो की मी अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे. आणि मी चाकरी कोणाच्या वंशजाची करतो, ते चारचौघांत माझ्याच तोंडून निघणार होतं.

परतताना मोटारीत साहेबांनी विचारलं, "तो माणूस खूश का दिसला नाही?"

"लाजला असेल, सर."

पुढं त्यांची बदली झाली. हुकूम दिला, असंच ते समजत राहिले. तो कोणाच्या कानावर पडलाच नव्हता.

काही वर्षांनी मी रामाप्पाकडे गेलो. तो कातडं खरवडत होता. साहेबांचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं.

त्याचा हात थांबला. "म्हंजे सायबानं आत बसवलं हुतं?"

"हो."

"पोरगं त्याच पावसाळ्यात शाळा सोडून आलं, रावसाब. आता कोल्हापुरात चपला शिवतंय. त्येला कुठल्या वर्गात बसवू?"

दुभाष्याची चूक दोन्ही बाजूंना कळत नाही. म्हणून ती त्यानंच सांगावी लागते, आणि वेळेवर.

"माझं चुकलं, रामाप्पा," मी म्हणालो. "तुमची माफी मागायला आलोय."