शिखरावरच्या दशम्या आणि मी गप्प

मंडळी, ग्रुपने ऐनवेळी कॅन्सल केलं म्हणून आज कोलोरॅडोत एकटीच फिरले. डोंगरातलं टुमदार गाव पाहून केबल कारने शिखरावर गेले.

वर एक मराठी कुटुंब दशम्या आणि लसणाची चटणी खात बसलं होतं. माझ्या हातात गारढोण सँडविच. जाम जळले यार!

त्यांनी इंग्रजीत विचारून फोटोसाठी फोन माझ्याकडे दिला. मी क्लिक करताना काकू मराठीत म्हणाल्या, "एकटीच आलीये बिचारी."

फोन घ्यायला बाळाला कडेवर घेऊन सून आली. नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बिचारी कसली? मला हेवा वाटतोय हिचा."

मराठीत बोलले असते तर दशमी नक्की मिळाली असती, पण ती सून ओशाळली असती. "यू आर वेलकम" म्हणून निघाले.

दशमीवर अजून जळतेय. तुम्ही बोलला असतात?