पन्नीखालची भिंत

बायकोले दमा. धंतोलीच्या डॉक्टरनं औषधं लिहून देल्ली अन् वरून विचारलं, "घरात ओल आहे का?" मले लगेच शक आला. आमी छाती दाखवाले आलो, हा घर काहून पाहून राहिला? याचं सिमेंटचं दुकान तं नसन?

पण ओल होती. हुडकेश्वरच्या आमच्या घराची मागची भिंत इटांची. चमकते म्हणून मीच तिले बाहेरून ऑइलपेंट फासला होता. आत शिरलेल्या पाण्याले निघाले जागाच नाही राहिली, अन् त्याच भिंतीले लागून बायकोची खाट. मंग पावसाच्या पहिले रंग काढाचं ठरलं.

मिस्त्री आला. त्यानं रंगावर रंग सोडवाचा जहाल लेप लावला, वरून प्लास्टिकची पन्नी चिकटवली अन् कडूलिंबाखाली जाऊन आडवा झाला. म्हणे, "संध्याकाळपर्यंत हात लावू नका, भाऊ. लेप वाळला तं गेला कामातून."

मी मनात म्हटलं, वा रे वा! मजुरी भिंतीची अन् काम झोपाचं! त्याचा डोळा लागला तसा मी गेलो अन् भाताचं झाकण उचलावं तशी पन्नी उचलून पाहिली. रंग जरासा फुगला होता. परत चिकटवली. थोड्या वेळानं परत उचलली. वर मे महिन्याचं ऊन.

संध्याकाळी मिस्त्रीनं पन्नी काढली तं लेप पापडावानी कडक अन् रंग जिथल्या तिथं.

"दुकानवाल्यानं नकली माल देल्ला गा," मिस्त्री म्हणे.

"मले पहिलेच शक होता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बी तेच. पन्नीची कड सुटलेली पाहून आता मिस्त्रीचा शक शेजारच्या बकरीवर गेला. मी बी बकरीले दोन शिव्या देल्ल्या.

जेवाले बसलो तं भाकर तुटेना. बोटं फोडानं भरले होते.

"हे कशानं जी?" बायको म्हणे.

"बकरीले हाकलता हाकलता..."

"बकरी लेप लावून फिरते काय?" ती हसली, अन् हसता हसता खोकला लागला. थांबेच ना. खाटेची पाटी धरून बसली. दम आला तवा हळूच म्हणे, "पाऊस आला अन् भिंत अशीच राहिली, तं मी या खोलीत नाही वाचत. तुमी माया भावाकडे जा, कुही गावाले. आत्ताच."

गेलो. सकाळी नवा लेप लागला असन म्हणून तिथून फोन लावला.

"मिस्त्री झोपला का?"

"झोपला."

"अन् तू?"

"तोंडाले पदर बांधून पन्नीपुढं खुर्ची टाकून बसली."

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन. रंग निघाला म्हणे, सालीवानी. मी फोटो मागवला. लाल लाल इटा. फोडाच्या बोटानं मोठा करून पाहिला. आमचीच भिंत कशावरून?

"येऊ मंग घरी?"

"आता वाळू द्या तिले. तवरक तिथंच राहा."

"किती दिवस लागन?"

"मिस्त्री म्हणते, तुमी दूर राहिले तं लवकर वाळन."

मी फोन ठेवून मागं पाहिलं. साळा माया खाटेवर नवी चादर टाकून राहिला होता. याले कोणं सांगितलं, मी राहणार आहो म्हणून?