मुखत्यारपत्र आणि पंपाची किल्ली

जे बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आज लिहितो: अण्णाकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले ते माझ्यामुळे, आणि झाले तेव्हा ते मस्कतमध्ये होते.

गोष्ट ऐंशीनंतरची. नेरूळच्या नव्या बिल्डिंगीत काकांचा ब्लॉक माझ्या शेजारीच. नोकरीसाठी निघताना त्यांनी मला मुखत्यारपत्र करून दिलं. बँक, घराचे हप्ते, लाइटबिल, आणि शेवटी टायपिस्टने आपल्या मनाने घातलेली ओळ: 'व इतर सर्व अनुषंगिक कामे'.

"तुझी सही ती माझी सही," काका म्हणाले. "जपून कर, सुध्या."

(मी महिनाभर त्यांच्यासारखा खाकरत होतो!)

सोसायटीच्या पहिल्याच सभेत सेक्रेटरी निवडायचा होता. सेक्रेटरी म्हणजे पहाटे साडेचारला उठून पाण्याचा पंप लावणारा माणूस. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बिनलग्नाचा मी एकटाच. घाबरून मी काकांचं नाव सुचवलं. ते परदेशात आहेत अशी कोणीतरी शंका काढली, तसं मी छाती काढून मुखत्यारपत्र पुढे केलं.

अध्यक्ष गायकवाडसाहेब कोर्टात कारकून. त्यांनी शिक्का उजेडात धरून पाहिला, शेवटची ओळ दोनदा वाचली. स्टँपपेपरपुढे त्यांचाही नाइलाज होता.

"मग प्रश्नच मिटला. काका सेक्रेटरी," ते म्हणाले. "मुखत्यार म्हणून काम तू बघ."

आणि पंपाची किल्ली माझ्या हातात ठेवली!

दोन वर्षं मी काकांच्या वतीने पंप लावला, काकांच्या वतीने शिव्या खाल्ल्या. एकदा माझ्या गॅलरीतून खाली पाणी गळतं म्हणून काकांच्या वतीने मी मलाच नोटीस काढली. उत्तर आलं नाही म्हणून दुसरीही!

मग काका-काकू मस्कतहून परतले. खरं सांगायची हिंमत होईना. लोकांनी तुम्हाला एकमताने निवडलंय, एवढंच बोललो.

काकांचे डोळे भरून आले. "मी इथे नसताना?"

किल्ली त्यांनी लगेच मागून घेतली. जिन्यात काकू हळूच म्हणाली, "गुडघ्यांना आराम हवा म्हणून नोकरी सोडून आलेत रे हे."

त्याला आता बारा वर्षं झाली. काका रोज पहाटे कठडा धरून तीन मजले उतरतात. पंप घरघरला की मी कूस बदलतो. लोकांनी दिलेला मान म्हणून ते पद सोडत नाहीत. खरं कळलं तर आजच सोडतील, आणि मग सभेत सगळे कोणाकडे बघतील ते मला ठाऊक आहे.

मुखत्यारपत्र त्यांनी अजून रद्द केलेलं नाही. काकांचा एक राजीनामा मी देणं लागतो.