छबूच्या वाट्याचं

त्या वर्षी देवापुढं हात जोडायची आमच्या घरात कुणाचीच इच्छा उरली नव्हती. माझी धाकटी बहीण छबू दिवाळीनंतर तापानं गेली. परभणीच्या दवाखान्यात अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिच्या उशाशी बसून नवस बोलत राहिले आणि ताप चढतच गेला. तिला घरी आणलं तेव्हा सगळी गल्ली रडली, माय रडली नाही. पुढंही नाही. ती झाडलोट करायची, भाकरी थापायची, आम्ही जेवलो की स्वतः दोन घास खाल्ल्यासारखं करून उठायची. बोलणं जवळजवळ बंदच. बायका म्हणायच्या, "हिला रडवा, न्हाई तर हिचंबी काही खरं न्हाई." पण रडवायचं कसं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशात वेळ अमावस्या आली. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. थंडीतल्या त्या अमावस्येला गाव ओस पडतं, सगळे आपापल्या रानात. कडब्याच्या खोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, ताकातली आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. छबूचा हा सगळ्यात आवडता सण. अण्णा हाळी देत पिकावर आंबील शिंपडत निघाले की ती परकर खोचून त्यांच्या मागं पळायची आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची. हरभऱ्यातून फिरून आली की तिचे पाय दवानं भिजलेले असायचे. माय पदरानं ते पुसायची.

दुखवट्याचं वर्ष, तरी अण्णा म्हणाले, "पांडवाला उपाशी ठेवायचं न्हाई." मायनं सगळा स्वयंपाक केला. आम्ही रानात गेलो, पूजा झाली, अण्णांनी आंबील शिंपडली. त्यांचा आवाज फुटेना. आजूबाजूच्या खोपींतून हसण्याचे आवाज येत होते. आमच्या बांधाकडं मात्र कुणी फिरकलं नाही. आमच्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसावं.

विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा सगळा मराठवाडा धुमसत होता. त्या दिवशीही बंद होता, एस.टी. निघाली नव्हती. त्यामुळं चुडाव्याच्या स्टेशनावर रेल्वेतून उतरलेला एक म्हातारा पायीच चालला होता. खांद्यावर घोंगडी, हातात कापडी पिशवी. अण्णांनी हाक दिली, "या पावणं, जेवायला."

तो बांधावरच थांबला. "आधी माझं गाव-घर तर इचारा," म्हणाला.

त्या दिवसांत पाणी द्यायच्या आधीसुद्धा लोक अशी आडून जात विचारायचे. अण्णा घुटमळले. तेवढ्यात खोपीतून मायचा आवाज आला, "जेवल्यावर सांगा. या आत."

किती दिवसांनी तिच्या तोंडून अख्खं वाक्य निघालं होतं.

तो हातपाय धुऊन बसला. मायनं पत्रावळी मांडल्या आणि सवयीनं एक जास्तीची, छोटी पत्रावळ माझ्याशेजारी मांडून गेली. म्हाताऱ्यानं ती पाहिली. "हे कुणाचं?"

अण्णांनी मान खाली घातली. मीच म्हणाले, "छबूचं. माझी बहीण. ती गेली."

म्हाताऱ्यानं ती पत्रावळ हळूच आपल्यापुढं ओढून घेतली. "तिच्या वाट्याचं मला वाढा, माय. लय भूक लागली हाय. काय आवडायचं लेकराला?"

मायच्या हातात आंबिलीचा तांब्या होता. "हीच," ती म्हणाली. "आंबील. लय प्यायची. नको म्हनलं तरी..." आणि ती तिथंच खाली बसली. जे रडू तिच्या आत अडकून पडलं होतं, ते पांडवांपुढं मोकळं झालं. अण्णा उठून ज्वारीकडं तोंड करून उभे राहिले.

म्हाताऱ्यानं समजूत घातली नाही. तो जेवत राहिला. माय रडत रडत त्याला वाढत राहिली आणि छबूबद्दल सांगत राहिली, ती चालायला कधी लागली, कशाला भ्यायची. तो प्रत्येक वेळी हूं म्हणत होता. पत्रावळीवर त्यानं शीतही ठेवलं नाही. मग पांडवांना हात जोडून म्हणाला, "दिवस उतरायच्या आत पोचायला पायजे. लेक वाट बघायली आसंल."

तो गेल्यावर आमच्या ध्यानात आलं, त्याचं गाव विचारायचं राहूनच गेलं. त्या संध्याकाळी माय आमच्याबरोबर बसून जेवली.

पुढं अण्णांनी आसपासच्या गावांत पुष्कळ चौकशी केली, पण त्याचा पत्ता लागला नाही. माय म्हणाली, "कशाला हुडकता? त्यानं तरी आपलं नाव कुठं इचारलं?"

तो कोण होता, मला माहीत नाही. अण्णांच्या नवसाला दवाखान्यात कुणी का धावून आलं नाही, हेही मला आजवर कळलेलं नाही, आणि येळवस आली की ते अजून बोचतं. पण त्या दुपारी आमच्या रानात कुणीतरी आलं, एवढं खरं. तेव्हापासून मी देवाला हे दे, ते दे म्हणत नाही. घडायचं ते घडू दे, फक्त त्या वेळी असं कुणीतरी पंगतीला येऊन बसू दे, एवढंच म्हणते.