जयरामबाबांचा पीपी नंबर

"वयनी, मात्शें ओगी रावशात? म्हाका आयकूंक येना."

मला गप्प बसा म्हणणारा हा हवालदार माझ्याच बोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसला होता. अंगात साधा बुशशर्ट, डोक्याला आमच्याच खात्याचा हेडसेट. दुसऱ्यांची बोलणी चोरून ऐकायला आलेला माणूस ऑपरेटरलाच गप्प करत होता. मी म्हटलं, "हवालदार, मी गप्प बसले तर एक्सचेंज बंद पडेल. मला सरकार बोलायचाच पगार देतं." तो ओशाळून हसला आणि पुन्हा कान देऊन बसला.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. कोकणी की मराठी यावरून तेव्हा जेवणाच्या पाटावरसुद्धा भांडणं होत. राजभाषेचा कायदा होऊन गेला तरी धुसफूस संपली नव्हती. रस्त्यावर झाडं पाडून वाहतूक अडवायची, ही त्या आंदोलनातली नेहमीची पद्धत. त्यामुळे कुऱ्हाडीचा आवाज आला की पोलीस जीप काढायचे.

मी डिचोली तालुक्यातल्या एका लहान मॅन्युअल एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. माहेर सावंतवाडीकडचं, लग्न होऊन साखळीला आले, खात्याची परीक्षा दिली आणि बोर्डावर बसले. मॅन्युअल म्हणजे सगळं हाताने. कोणी फोन उचलला की बोर्डावर त्याची खूण पडायची. मी दोरी खोचून विचारायचे, "नंबर बोला." मग दुसरी दोरी हव्या त्या नंबरच्या भोकात खोचून जोडून द्यायचं. दोन्हीकडची माणसं बोलायला लागली ना, एवढं ऐकून बाजूला व्हायचं, असा नियम. ट्रंक कॉल असेल तर तीन मिनिटांनी पुन्हा मध्ये जाऊन "वेळ झाली" म्हणायचं. अशा तुकड्यांतून आवाज कानात बसत जातात. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना मी चेहऱ्याने ओळखत नव्हते. आवाजाने मात्र सगळ्यांना ओळखायचे.

तेव्हा अख्ख्या गावात एखादाच फोन असे. बाकीचे लोक आपल्या कागदांवर त्याच फोनचा नंबर देत आणि पुढे लिहीत, 'पीपी'. म्हणजे फोन माझा नाही, पण इथे फोन करून मला बोलवा. आमच्या एक्सचेंजवरच्या अशा एका गावात जयरामबाबांचा पसरा होता. पसरा म्हणजे किराणा दुकान. नारळ, तांदूळ, काजळ, खिळे, सगळं मिळायचं, आणि गल्ल्याशेजारी काळा फोन. कोणाचा फोन आला की जयरामबाब तराजू तसाच ठेवून पायरीवर येत आणि हाक मारत. तो माणूस धावत येऊन बोलायला लागला की स्वतः बाहेर अंगणात जाऊन उभे राहत. गिऱ्हाईक थांबलेलं असलं तरी त्यालाही बाहेर काढत. "उलोवंदी ताका. आमकां कित्याक जाय?" म्हणजे बोलू दे त्याला, आपल्याला कशाला हवं, असं म्हणायचे. गावातली मरणं, बाळंतपणं, नोकऱ्या, सोयरिकी, सगळं त्या एका फोनवरून गेलं, पण जयरामबाबांच्या तोंडून त्यातला शब्द कधी कोणी ऐकला नाही.

पोलिसांनी 'ऑब्झर्व्हेशन'वर घेतला तो नेमका हाच नंबर. आमच्या भाषेत याचा अर्थ, लाइनला दुसरा हेडसेट लावायचा आणि बोललेलं सगळं ऐकायचं. मी सुपरवायझरना विचारलं, "साहेब, लेखी ऑर्डर?"

"वरून फोन आलाय. लेखी मागून येईल."

"पण तो पीपी नंबर आहे. त्यावर अख्खं गाव बोलतं."

"मग अख्खं गाव ऐकतील," साहेब म्हणाले आणि फाइल उघडून बसले. साहेब वाईट नव्हते. पेन्शन जवळ आलेली माणसं असतात तसे होते.

शिमगा तोंडावर आला होता. आमच्याकडे होळीला गावातले पुरुष मिळून एक उंच झाड तोडतात, ढोल वाजवत ओढत देवळासमोर आणतात आणि उभं करतात. त्या गावात आणखी एक रीत होती. कोणाचं झाड तोडायचं हे आधी सांगत नाहीत. पाडायच्या वेळी मालकापुढे नारळ ठेवायचा, आणि मालकाने देवाचं म्हणून हसत सोडून द्यायचं. त्या वर्षी गावातले बरेच तरुण खाणीवर शिफ्टला अडकलेले. म्हणून शाणू नावाच्या खाणीवरच्या ट्रक ड्रायव्हरने जयरामबाबांच्या दुकानातून आपल्या मामाला पेडण्याला फोन लावला. मीच जोडून दिला.

"मामा, धा-बारा जाण येयात. कुराडी आनी दोर घेवन. झाड हांवें पळोवन दवरलां. धन्याक खबर पडूंक जायना. पाडलें की रस्त्यान ओडून व्हरूं."

हवालदार भराभर लिहून घेत होता. तो दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडचा होता, इकडच्या होळीची त्याला काय कल्पना? मी म्हटलं, "अहो, ही होळी आहे." तो म्हणाला, "तें सायबाक सांगात."

हवालदाराचे साहेब दुपारी जीपमधून आले. नुकतेच बाहेरून बदलून आलेले, मराठी बेळगावकडचं.

"बाई, हे कोण बोललं?"

मी होळीची सगळी रीत समजावून सांगितली. त्यांनी मधे न बोलता ऐकलं.

"कुऱ्हाडी, बाहेरगावची माणसं, मालकाला न सांगता झाड पाडायचं, आणि रस्ता. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"देवळात जाऊन विचारलं असतं."

"तुम्ही सगळ्यांचे आवाज ओळखता असं तुमचे सुपरवायझर सांगतात."

"फोन दुकानाचा आहे. कोणीही बोलतं. मी ओळखलं नाही."

"ठीक. मग फोन ज्याच्या नावावर आहे त्याला विचारतो."

नाव सांगितलं असतं तर शाणू गेला असता. नाही सांगितलं म्हणून जयरामबाब गेले. संध्याकाळच्या आत त्यांना दुकानातून उठवून नेलं. तराजूत कोणाचे तरी तांदूळ तसेच राहिले, असं त्यांची बायको मला फोनवर रडत सांगत होती, आणि माझ्या शेजारी हवालदार तेही ऐकत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, पण हेडसेट काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या ऑफिसच्या लाइनची खूण पडली. मी विचारलं, "नंबर बोला." पलीकडून पोलीस ठाण्याचा नंबर मागितला. मी जोडला आणि नियमाप्रमाणे बोलणं सुरू झालं का ते ऐकलं.

"तो फोन शाणूचो. ताकाच विचारात. म्हजें नांव मात घेवंक नाकात."

हा उत्तम होता. खाणीवरचा टाइमकीपर, म्हणजे कामगारांच्या हजेरीची वेळ मांडणारा. शाणूचा सख्खा चुलतभाऊ. दोघांची घरं एका अंगणात, मधे कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, हद्दीचं जुनं भांडण. घरात एक कोकणीचा, एक मराठीचा, असं निमित्तही हाताशी होतं. मी कानावरचा हेडसेट काढून बोर्डावर ठेवला आणि पाणी प्यायला उठले.

दुपारी शाणूला शिफ्टवरून नेलं.

होळी झाली. होणारच, देवाचं काम. पण पेडण्याहून कोणी आलं नाही, ढोल वाजले नाहीत, आणि झाड आणलं ते देवळामागचंच, हडकुळं, रस्ता ओलांडावा लागू नये म्हणून. रस्ता काही अडला नाही. पोलिसांना त्यात आपलंच यश दिसलं असणार.

जयरामबाब आधी सुटले. वयस्क माणूस, ठाण्यातल्या बाकड्यावर बसवून ठेवलं, चहा दिला आणि घरी पाठवलं. शाणू नंतर आला, लंगडत. त्याचं ट्रकवरचं काम गेलं होतं. गावाने हिशेब मांडला: आधी जयरामबाब गेले, मग शाणूला उचललं, मग जयरामबाब धडधाकट परत आले. एवढं झाल्यावर आणखी विचार करायची कोणाला गरज वाटली नाही.

कोणी त्यांना शिवी दिली नाही. कोणी जाबही विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. लोक फक्त त्यांच्या दुकानात यायचे बंद झाले. खिळा हवा असला तरी बस पकडून साखळीला जाऊ लागले. मी एकदा मुद्दाम लाइन तपासायच्या निमित्ताने त्यांना फोन केला.

"हांवें कोणाचेंच नांव घेवंक ना, वयनी," ते म्हणाले.

"मला माहीत आहे, बाब."

"तुमकां खबर आसा. पूण गांवाक कोण सांगतलो? हांव सांगूंक तयार आसां, म्हाका विचारीना कोणूच."

मला ते सहन होईना. आमच्या नोकरीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हे मी बोर्डावर बसले तेव्हापासून पाळलं होतं. पण एका सरळ माणसाचं गावात तोंड काळं होत होतं. म्हटलं, खड्ड्यात गेला नियम. रविवारी बस धरली आणि शाणूच्या घरी गेले.

तो ओसरीवर पाय पसरून बसला होता. त्याच्या आईने चहा ठेवला. मी सरळच बोलले.

"शाणू, तुझं नाव जयरामबाबांनी सांगितलं नाही."

"मागीर कोणें सांगलें?"

"दुसऱ्या कोणी. पण त्यांनी नाही, हे मी शपथेवर सांगते."

त्याने दुखरा पाय जवळ ओढला. मग म्हणाला, "तुमकां कशें कळ्ळें?"

मी पदर सारखा केला. तोच पुढे म्हणाला,

"म्हणजे तुमी आयकतात. हांव मामाकडे उलयतालों, तेंय तुमी आयकलें."

"शाणू, ऑपरेटरला ऐकावंच लागतं. पण पोलिसांना मी..."

"पोलीस खंय बशिल्लो? तुमच्या बाजूक मगो? गांवांत सगळ्यांक खबर आसा."

त्याची आई चहाचा कप हातात धरून दारातच थांबली होती. तेवढ्यात मधल्या वईतून, म्हणजे कुंपणातून, उत्तम आला. हातात मालिशच्या तेलाची बाटली. भावाच्या पायासाठी आणली होती. मला बघून म्हणाला, "आरे, वयनी! तुमी हांगा?" तोच आवाज. शाणूने बाटली घेतली आणि त्याला बसायला जागा करून दिली.

मी तिथे नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? मी पोलिसांची बाई. तो सख्खा चुलतभाऊ, तेल घेऊन आलेला. कोणाचं खरं मानलं असतं त्यांनी? आणि चुकून माझं खरं मानलं असतं, तर दाराशी कोयता टांगलेला होता. मी चहा न घेताच उठले. बसस्टॉपपर्यंत डोळे पुसत गेले, लाज वाटली नाही मला.

त्या भेटीने जयरामबाबांचं काही भलं झालं नाही. माझं मात्र नाव झालं. बोर्डावर लोक माझ्याशी तुटक बोलू लागले. "पोचलों. बरो आसां. दवरतां." एवढंच. कोणाला जास्त बोलायचं असलं तर तो पणजीला बसने जाऊन समोरासमोर बोलून येई. दोन सख्खे भाऊही फोनवर एकमेकांना भाषेबद्दल काही विचारीनासे झाले, कारण हवालदार उठून गेला तरी तो बसला आहे असंच सगळे धरून चालले. तो कधी उठला ते मी लोकांना सांगून पाहिलं. माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? लेखी ऑर्डर तर आलीच नाही. जयरामबाबांवर ना गुन्हा नोंदला गेला, ना कोणी त्यांची माफी मागितली. असा गुन्हाच कुठे नव्हता, म्हणून निर्दोष सुटायची सोयही नव्हती.

पावसाच्या आधी जयरामबाबांनी स्वतःहून फोन बंद करायला सांगितलं. लाइनमन इन्स्ट्रुमेंट काढून आणायला गेला तेव्हा दुकानात फळ्या लावलेल्या होत्या. ते आणि त्यांची बायको पेडण्याला लेकीकडे राहायला गेले. जन्म गेला त्या गावात, निरोप द्यायला स्टॉपवर कोणी आलं नाही, असं लाइनमन सांगत होता.

त्याच सुमाराला घटक राज्य झालं. साखळीत फटाके वाजले, पेढे वाटले, एक्सचेंजमध्येही एक पुडा आला.

मग गावाला फोनवाचून अडू लागलं. लाइन मोकळी होतीच, दुसऱ्या घरी द्यायची होती. गावाने एकमताने घर सुचवलं. माणूस शिकलेला, घर रस्त्याला लागून, वेळीअवेळी मदतीला येणारा. अर्ज घेऊन शाणूच आला होता, काठी टेकत. माझ्याकडे न बघता त्याने तो आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. फोन उत्तमच्या ओसरीवर बसला. गावातल्या लोकांनी आपल्या कागदांवर तोच नंबर लिहायला सुरुवात केली आणि पुढे 'पीपी'.

जोडणी झाली त्या दिवशी माझ्या बोर्डावर पहिली खूण पडली. मी दोरी खोचली.

"नंबर बोला."

"वयनी, उत्तम उलयतां. लायन बरी आसा मगो? आवाज साफ येता?"

"साफ येतो," मी म्हटलं.

त्यानंतर बदली होईपर्यंत मी त्या गावाची सगळी मरणं आणि सोयरिकी त्याच्या ओसरीवर जोडून देत होते. या प्रकरणातून मी शिकले ते असं: ज्याने तोंड उघडलं त्याला फोन मिळाला, ज्याने मिटून ठेवलं त्याला गाव सोडावं लागलं, आणि जिने सगळं ऐकलं होतं तिचा पगार त्या महिन्यातही वेळेवर झाला.